काच नंबर एकतीस

माझ्या आईचे मामेभाऊ चिंतामण वझे सांगलीच्या गावभागात फोटोग्राफर होते. आम्ही त्यांना चिंतूमामा म्हणत असू. मुंजी, लग्नं, शाळेचे वार्षिक फोटो, आणि घरातलं कुणी गेलं की त्याला खुर्चीत बसवून, मागून आधार देऊन काढायचे फोटो, यावर त्यांचं चाले. शेवटच्या कामाला ते कधी नाही म्हणत नसत. पण त्या दिवशी घरी येऊन जेवत नसत, असं गोदावरीमामी सांगायची.

मी सांगतोय ते चव्वेचाळीस-पंचेचाळीस सालचं. त्यातलं काही मामांनी मला स्वतः सांगितलं, तेही एकदाच, मी कॉलेजात असताना. उरलेलं मामीने सांगितलं.

त्या जहागिरीचं नाव मी लिहीत नाही. रहिमतपूर स्टेशनावर उतरून पुढे बैलगाडीने दोन तास लागत, एवढं पुरे. जहागीर लहान होती, पण तिथला दरबार महाल पाहायला लांबून माणसं येत. बेचाळीसच्या धामधुमीत तिथली कचेरी जळली, दफ्तर गेलं, खजिन्याची खोली गेली. नवी इमारत बांधायची तर लढाईच्या दिवसांत लोखंड मिळेना, सिमेंट मिळेना. म्हणून महालच आतून मोकळा करायचा आणि तिथे कोर्ट, कचेरी, खजिना सगळं आणायचं ठरलं. महालात सागवानाचे सोळा खांब होते, सुरूच्या झाडासारखे खाली रुंद आणि वर निमुळते होत गेलेले. वर लाकडी तक्तपोशी आणि तिच्यावर हातभर जाडीचं मातीचं धाबं. भिंतींवर चुन्यात रंगवलेली चित्रं होती. हत्ती, मेणे, शिकार, एक नदी आणि नदीत आंघोळ करणाऱ्या बायका. न्यायाधीशाच्या समोर आंघोळ करणाऱ्या बायका नकोत, म्हणून ती भिंत सर्वांत आधी खरवडायची होती.

जहागिरीच्या कारभाऱ्यांना या सगळ्याचे फोटो हवे होते. आधी कसं होतं, काम कसं चाललं, शेवटी कसं झालं, असा एक आल्बम करून कोल्हापूरच्या वरिष्ठांकडे पाठवायचा होता. पैसा वाया गेला नाही हे दिसायला हवं, असं कारभारी म्हणाले. मामांनी काम घेतलं. घरात उमा आणि शकुंतला अशा दोन मुली, लढाईमुळे फोटो घ्यायच्या काचा महाग झालेल्या, आणि हे काम वर्षभर पुरणारं होतं. कराराप्रमाणे काचा जहागिरीच्या मालकीच्या राहणार होत्या. मामांनी ती ओळ वाचून सही केली. तेव्हा तिचं काही वाटलं नाही.

दिवाळी झाल्यावर काम सुरू झालं. दर गुरुवारी मामा टांग्याने माधवनगर स्टेशनला जात, तिथून गाडीने रहिमतपूर, तिथून बैलगाडी. बरोबर लाकडी कॅमेरा, तिपाई, काळं फडकं आणि काचांची पेटी. महालाच्या आत उजेड कमी. उजेडासाठी जाळायची मॅग्नेशियमची पावडर बाजारातून गेलेली. त्यामुळे एकेका फोटोला तीस-तीस, चाळीस-चाळीस सेकंद भिंगाचं झाकण उघडं ठेवावं लागे. आधीचा आणि नंतरचा फोटो जुळावा म्हणून मामांनी फरशीवर तिपाईच्या तीन पायांच्या जागा चुन्याने खुणावून ठेवल्या होत्या. दर खेपेस तिपाई तिथेच उभी राहायची.

खांब किती उंच आहे हे फोटोत कळावं म्हणून शेजारी माणूस उभा करायचा आणि त्याच्या हातात काळे-पांढरे पट्टे ओढलेली मापाची काठी द्यायची, असं ठरलं. पण चाळीस सेकंद न हलता उभा राहणारा माणूस मिळेना. गवंडी हलायचे, बिगारी हसायचे, पहारेकरी मिशीवर हात न्यायचा. फोटोत नुसता धूर उमटायचा. शेवटी एक मजूर आपणहून पुढे आला. काठी हातात घेऊन तो असा उभा राहिला की मामांना वाटलं, हा श्वास तरी घेतो की नाही.

त्याचं नाव बिराप्पा. जतच्या पूर्वेकडचा धनगर. दोन वर्षं पाऊस झाला नव्हता, मेंढरं निम्मी मेली होती, निम्मी विकली होती. तो, त्याची बायको हरणाबाई आणि धाकटा भाऊ अर्जुना पायी चालत कामाच्या शोधात एवढ्या लांब आले होते. हरणाबाई बाहेर चुना दळायच्या घाणीवर असे, अर्जुना राडारोडा वाहून नेई, बिराप्पा आत खरवडायला. मामांनी त्याला विचारलं, इतकं स्थिर कसं उभं राहता येतं.

"मेंढरं चरत्यात तवर काठीवर टेकून हुबंच ऱ्हायचं असतंय. त्यात काय हाय," तो म्हणाला.

तेव्हापासून प्रत्येक काचेवर बिराप्पा आहे. पहिल्या खांबाशेजारी, पाचव्या खांबाशेजारी, महिरपीखाली, जिन्याच्या तोंडाशी. मामा त्याला लांबून हात करायचे, तो पहार ठेवून, मुंडाशाने तोंड पुसून यायचा. दोघांत बोलणं फारसं होत नसे. एकदा मात्र चित्रांची भिंत खरवडून होत आली तेव्हा मामांना दिसलं, की खालचा एक कोपरा तेवढा राहिलाय. त्यात एक घोंगडीवाला आणि त्याची चार-पाच मेंढरं होती. वर हत्ती गेले, राजा गेला, नदी गेली, आणि तेवढा कोपरा शाबूत. मामांनी कारण विचारलं तर बिराप्पा ओशाळला. आपली माणसं आहेत, शेवटाला काढीन, म्हणाला. पुढच्या गुरुवारी मामा गेले तेव्हा भिंत पांढरी झालेली होती.

कामावर देखरेख ओव्हरसियर लालासाहेबांची. माणूस वाईट होता असं मामा कधी म्हणाले नाहीत. घाईत होता, म्हणाले. कोर्टासाठी मधले आठ खांब काढायचे होते आणि त्यांच्या जागी लोखंडी गर्डर टाकून वरचं धाबं तोलायचं होतं. गर्डर मुंबईहून यायचे होते आणि येत नव्हते. लष्कराला सगळं लोखंड लागत होतं. तोवर खांब काढून तुळयांखाली बाभळीच्या लाकडाचे टेकू दिले. एका तुळईला चार टेकू. काम थांबवून वाट पाहायची तर दसऱ्याचं उद्‌घाटन हुकणार, कारभारी लालासाहेबांना जाब विचारणार. मग लालासाहेबांनी पूर्वेकडची बाजू मोकळी करायला घेतली. तिथे टेकू कमी पडले, म्हणून पश्चिमेच्या तुळईखालचे चारांतले दोन काढून तिकडे नेले. कोंडीबा नावाचा एक जुना गवंडी होता, तो म्हणाला की असं करू नगासा. लालासाहेबांनी त्याला त्या दिवशी बाहेरच्या ओट्याच्या कामावर पाठवलं.

फेब्रुवारीतली गोष्ट. मामा सांगलीला परत आले, काचा धुतल्या, वाळवल्या. प्रत्येक काचेच्या कडेला शाईने नंबर आणि तारीख लिहायची त्यांची पद्धत होती, आणि तेच वहीतही टिपायचे. तीस नंबरची काच हातात घेऊन ते खिडकीशी उभे होते. सहज म्हणून त्यांनी त्याच जागेची दोन आठवड्यांपूर्वीची काच तिच्यावर ठेवून पाहिली. तिपाईची जागा तीच, भिंग तेच. भिंती जुळल्या, खिडक्या जुळल्या, बिराप्पाच्या हातातली काठीसुद्धा जुळली. वरची पश्चिमेची तुळई मात्र जुळेना. मध्यभागी ती दोऱ्याएवढी खाली होती.

मामांनी काठीवरच्या पट्ट्यांवरून हिशेब केला. काचेवरचा दोरा म्हणजे महालात चार बोटं. पंधरा दिवसांत तुळई चार बोटं खाली आली होती.

ते दुसऱ्या गुरुवारपर्यंत थांबले नाहीत. दोन दिवसांनी, शनिवारीच गेले. दोन्ही काचा फडक्यात गुंडाळून नेल्या आणि लालासाहेबांना उन्हात धरून दाखवल्या. लालासाहेबांनी पाहिलं, नीट पाहिलं, आणि काचा परत दिल्या.

"तिपाई हलली असेल तुमची."

"तिपाई हलली असती तर खिडक्याही हलल्या असत्या," मामा म्हणाले.

"चिंतामणराव, तुम्ही फोटो काढा. इमारत मी बघतो. सोमवारी दोन टेकू परत लावून घेतो, मग झालं?"

मामांना बरं वाटलं. आपण सांगितलं, त्यांनी ऐकलं, सोमवारी टेकू लागतील. आलोच आहे तर एक काच घेऊन जावी असा विचार करून ते आत गेले. चुन्याच्या खुणांवर तिपाई ठेवली. बिराप्पाला हात केला. तो आला आणि नेहमीच्या जागी, त्या तुळईखाली, काठी धरून उभा राहिला. काळ्या फडक्याखाली, कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. वर फरशी, खाली छत, आणि मध्ये पाय वर करून उभा असलेला माणूस. मामांना त्या काचेवर तुळईची वाकण साध्या डोळ्यांनी दिसत होती. काढलेल्या दोन टेकूंच्या जागी फरशीवर दोन चौकोनी डाग होते, तेही दिसत होते.

त्यांनी झाकण उघडलं आणि चाळीस मोजले. नेहमी सावकाश मोजत. त्या दिवशी भराभर मोजले. तीसच झाले असतील, असं त्यांना नंतर वाटलं. कॅमेरा उचलला, तिपाई मिटली आणि ते पडवीत येऊन बसले. बिराप्पा काठी कोपऱ्यात ठेवून पुन्हा कामाला लागला.

ती काच नंबर एकतीस.

बारा वाजून गेले होते. मामा पडवीत काचा बदलत होते. त्यासाठी काळ्या कापडाची एक पिशवी असते, तिला दोन बाह्या असतात. हात कोपरापर्यंत आत घालायचे आणि अंधारात चाचपून काच काढायची. हात पिशवीत असतानाच आवाज झाला. आधी लाकूड कडकडल्याचा, आणि मग मामांच्या म्हणण्याप्रमाणे आवाज असा नव्हताच, नुसता धक्का आणि धूळ. दारातून पिवळी धूळ गोळ्यासारखी बाहेर आली. त्यांना उठायचं होतं आणि हात पिशवीतून निघेनात. बाह्यांची रबरी पट्टी मनगटाला अडकली होती. बाहेर माणसं ओरडत, धावत होती आणि ते तिथे गुडघ्यावर पिशवी घेऊन हात सोडवत बसले होते. हे सांगताना मामांनी स्वतःच्या मनगटांकडे पाहिलं.

पश्चिमेची तुळई, तिच्यावरची तक्तपोशी आणि धाब्याची सगळी माती खाली आली होती. आत सहा माणसं होती. तिघं भिंतीच्या कडेला असल्यामुळे निभावली. कोंडीबा एव्हाना ओट्यावरून पुन्हा आतल्या कामावर आला होता, त्याचा पाय मांडीतून चिरडला. मातीच्या खाली राहिली ती दोघं. टोपल्या वाहणारी रंगूबाई नावाची एक म्हातारी आणि बिराप्पा.

हरणाबाई घाणीवरून पळत आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत चुन्याने पांढरे होते. ती हातानेच माती उपसायला लागली. अर्जुना शेजारी फावड्याने. मामाही उपसत होते, त्यांची नखं तुटली. तीन-साडेतीनच्या सुमारास रंगूबाई सापडली आणि तासाभराने बिराप्पा. तो पाठीवर होता, आणि त्याचं तोंड ओळखू येत होतं, पण तेवढंच.

कारभारी वाड्यातून आले होते. त्यांनी उभ्या उभ्या पाहिलं आणि मामांना बाजूला बोलावलं. उरलेली माती हलवण्याआधी, आहे तशी एक काच घेऊन ठेवा, वर कळवावं लागेल, म्हणाले.  मामांनी जाऊन कॅमेरा आणला. लावला. फडक्याखाली गेले. बत्तीस नंबरची काच त्यांनी घेतली, आणि फडक्यातून डोकं बाहेर काढलं तेव्हा हरणाबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन त्यांच्याकडे बघत होती. रडत नव्हती. नुसती बघत होती.

हे मामांनी मला सांगितलं नव्हतं. हे मामीने सांगितलं.

तीन आठवड्यांनी बाहेरचे एक मॅजिस्ट्रेट चौकशीला यायचे होते. त्याआधी मामांना दोन गोष्टी कळल्या. लालासाहेबांनी लेखी जबानी दिली होती की मजुरांनी सरपणासाठी टेकू चोरून काढले, आणि बिराप्पा त्यांत पुढे होता. दुसरी गोष्ट म्हणजे कारभाऱ्यांचं पत्र. करारानुसार सर्व काचा वहीसकट लगेच जमा कराव्यात.

मामा दोन दिवस घरात बसून राहिले. काचा देऊन टाका, असं मामीच पहिल्यांदा म्हणाली. दोन मुली आहेत, दरबाराशी वाकडं घेऊन सांगलीत कोण काम देणार, हे तिने बोलून दाखवलं. मामांनी मान हलवली. काचा पेटीत भरल्या. एकतीस नंबरची काच मात्र त्यांनी मामीला दाखवली. तुळई दाखवली, टेकूंच्या जागचे रिकामे डाग दाखवले, कडेची तारीख दाखवली. तेच डाग तीस नंबरच्या काचेवरही होते, आणि तिच्यावरची तारीख लालासाहेब म्हणत होते त्या चोरीच्या दिवसाच्या आधीची होती. आणि काठी धरून उभा असलेला माणूस दाखवला, आणि हाच तो, म्हणाले.

मामीने बराच वेळ पाहिलं. मग ती उठली, छापायची चौकट आणि कागद घेऊन गच्चीवर गेली. त्या काळी असा कागद मिळे की काचेखाली ठेवून उन्हात धरला की फोटो उमटे. मामा तिच्या मागे गेले आणि म्हणाले, काचा त्यांच्या आहेत, करारात तसं लिहिलंय.

"काचा त्यांच्या असतील. ऊन त्यांचं नाही," मामी म्हणाली.

तिने तीस आणि एकतीस नंबरच्या प्रत्येकी दोन प्रती काढल्या. वहीची दोन पानं मोडीत उतरवून घेतली. मग मामांनी काचा आणि वही नेऊन जमा केल्या. पोचपावती मागितली, ती मिळाली नाही.

चौकशी वाड्याच्या खालच्या खोलीत झाली. लालासाहेब बोलले, कारभारी बोलले. कोंडीबाला खाटेवरून उचलून आणलं होतं. टेकू कुणी काढले असं विचारल्यावर तो आढ्याकडे बघून म्हणाला की मला ठावं न्हाई. त्याचं घर, त्याचा मुलगा, सगळं त्याच गावात होतं. अर्जुनाला उभं केलं तेव्हा त्याला प्रश्न नीट कळेनात, त्याची बोली मॅजिस्ट्रेटना कळेना. त्यात घाबरला की तो कानडीत शिरे. मग मामांची पाळी आली. फोटोग्राफरला फक्त फोटो कुठून काढले एवढंच विचारायचं ठरलेलं होतं. मामांनी कोटाच्या आतल्या खिशातून दोन प्रती काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

कारभारी म्हणाले की या काचा जमा झालेल्या आहेत, हे कागद आले कुठून. मामांनी खरं ते सांगितलं. लालासाहेबांशी झालेलं बोलणंही सांगितलं. लालासाहेब म्हणाले, असं काही बोलणं झालं नाही. मॅजिस्ट्रेटनी दोन्ही फोटो एकमेकांशेजारी ठेवून भिंगातून पाहिले, तारखा टिपून घेतल्या आणि फोटो आपल्याकडे ठेवले. मामांशी ते सौजन्याने वागले. बस, एवढंच.

निकाल मे महिन्यात आला. लाकूड फार जुनं होतं, आतून वाळवी लागली होती, त्यामुळे अपघात घडला. कुणाचा दोष आढळत नाही. मजुरांवरचा चोरीचा आरोप पुराव्याशी जुळत नाही, असं एक वाक्य मधे कुठेतरी होतं. मामांच्या फोटोंनी मिळवलं ते तेवढं एक वाक्य. लालासाहेब कामावर राहिले. गर्डर आले. दसऱ्याला नाही, पण दिवाळीच्या आधी उद्‌घाटन झालं. उरलेले फोटो मिरजेच्या दुसऱ्या कुणी काढले. तो आल्बम मामांनी एकदा एका वकिलाकडे पाहिला. शेवटच्या पानावर कोर्ट होतं, पांढरं, सरळ, वर लोखंडी गर्डर, खाली खुर्च्या. चालू कामाची पानं त्यात नव्हती. काचांचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही.

मामीला भीती होती तसंच झालं. दरबारी घराण्यांतली लग्नं बंद झाली, मग त्यांच्या ओळखीतल्यांची. मामा माधवनगरच्या एका गिरणीत कामगारांच्या बिल्ल्यांचे फोटो काढायला जाऊ लागले. दिवसाला साठ चेहरे, भिंतीला टेकून उभे, एकाला पाच सेकंद. मामी म्हणायची की तिथून आल्यावर ते कुणाशी बोलत नसत, पण ते तसे आधीही फार बोलके नव्हते, त्यामुळे नक्की कधीपासून ते सांगता येत नाही.

एकतीस नंबरची उरलेली प्रत घरात राहिली होती. ती हरणाबाईला द्यायची असं मामांनी चौकशीच्या दिवशीच ठरवलं होतं. पण दिवस पुढे ढकलत गेले. पावसाळा संपू दे, मग दिवाळी होऊ दे, मग थंडी. सव्वा वर्ष गेलं. सेहेचाळीसच्या मे महिन्यात मामीने त्यांचा सदरा धुऊन ठेवला, भाकरी बांधून दिली आणि आज जाऊन या, म्हणाली.

जतला जाणारी मोटार तेव्हा कोळशाच्या गॅसवर चाले. चढ आला की माणसं उतरून ढकलत. जतपासून पुढे तीन कोस पायी. रान सगळं उघडं, काळे दगड आणि वाळलेली कुसळं. एका मेंढक्याने वस्ती दाखवली. पाच-सहा छपरं होती. अर्जुनाने त्यांना लांबूनच ओळखलं, सामोरा आला, पायाला हात लावला, घोंगडी अंथरली, तांब्याभर पाणी दिलं. पाणी गढूळ होतं आणि ते किती लांबून आणलेलं असेल ते मामांना कळत होतं, म्हणून त्यांनी अर्धाच तांब्या प्यायला.

बिराप्पाची आई सुलाबाई छपराच्या सावलीत बसली होती. डोळ्यांनी अधू. हरणाबाई कोकरांना पाला टाकत होती, ती आली आणि खांबाला धरून उभी राहिली. मामांनी फोटो काढून आधी म्हातारीच्या हातात दिला. तिने उलटा धरला होता. त्यावर बोट फिरवलं, कागद गुळगुळीत आहे एवढंच तिला कळलं. हरणाबाईने तो तिच्या हातातून घेतला, सरळ केला आणि पाहिला. फोटोत महाल मोठा आणि माणूस बोटाच्या पेराएवढा. तरी तिने लगेच त्याच्यावर बोट ठेवलं. मुंडासं, काठी, एक पाय किंचित पुढे. तिने सासूच्या कानाशी वाकून सांगितलं की हित्तं हाय, हुबा हाय.

मग तिने मामांना विचारलं, "ह्यो कवाचा?"

"त्याच दिवशीचा," मामा म्हणाले. "सकाळचा."

मामांनी तिला सगळं सांगायचं ठरवलंच होतं. त्यांनी सांगितलं. काचा एकमेकींवर ठेवल्या ते, तुळई चार बोटं खाली आली होती ते, लालासाहेबांना दाखवलं ते, ते काय म्हणाले ते. चौकशीत आपण हे सगळं बोललो, फोटो दाखवले, आणि तुझ्या नवऱ्यावरचा चोरीचा आळ गेला, हेही सांगितलं. अर्जुना ऐकत होता, मधे मधे मान हलवत होता. साहेबांनी आमच्यासाठी लय केलं, असं तो वहिनीला म्हणाला.

हरणाबाईची नजर फोटोवरच होती.

"त्यास्नी सांगितलंसा," ती म्हणाली. "मग आमास्नी का न्हाई सांगितलंसा? ह्यो हितंच तर हुबा हुता तुमच्या म्होरं."

मामांनी मला सांगितलं की या प्रश्नाचं उत्तर शोधायला त्यांना अजिबात वेळ लागला नाही, कारण उत्तर एकच होतं. फडक्याखालून बिराप्पाला बघताना, चाळीस मोजताना, त्यांना भीती वाटत होती. लवकर आटपून बाहेर जावं असं वाटत होतं, आणि ते गेलेही. बिराप्पाला एका शब्दाने सांगता आलं असतं की आज इथे काम करू नको. तो सगळा वेळ समोर उभा होता. ओव्हरसियरला सांगितलं म्हणजे सांगून झालं, असं त्यांना वाटलं होतं.

"मला सुचलं नाही," ते हरणाबाईला म्हणाले.

"न्हाई सुचलं," ती म्हणाली. रागाने नाही. जसं एखादी गोष्ट ऐकून पक्की करून घ्यावी तसं. मग तिने फोटो पदराखाली धरला आणि ती कोकरांकडे गेली. मामा उठेपर्यंत ती परत आली नाही.

म्हातारीने मामांना जेवून जायला सांगितलं. त्यांनी बरोबरची भाकरी दाखवली आणि निघाले. अर्जुना त्यांच्याबरोबर जतपर्यंत तीन कोस चालत आला. नको म्हटलं तरी आला. वाटेत त्याने एकदाच तोंड उघडलं, वहिनीच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका, म्हणाला. मामांनी त्याला सांगितलं की ती बरोबर बोलली. 

मोटार अडकली होती, कुठेतरी चढावर. ती येईपर्यंत दोघं एका लिंबाच्या बुंध्याशी बसले. मामांनी भाकरी सोडली आणि अर्धी त्याला दिली. त्याने आधी नाही म्हटलं, मग घेतली. दोघांनी खाल्ली. ऊन कलायला लागलं तेव्हा लांबून धूर दिसला. अर्जुना उठला, आणि मोटारीला हात करायला रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.